खांद्यावर पाणी असताना

मला ऊन लागलं तेव्हा माझ्या खांद्यावर वीस लिटर पाणी होतं. हे ज्याला सांगतो तो आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडं पाहून गप्प होतो. हसलं तरी चालेल. मला मात्र वर्ष होत आलं तरी यावर धड हसता आलेलं नाही.

आमच्या गावच्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य खात्याच्या कार्यकर्तीनं, उन्हाळ्याच्या तोंडावर मला गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही मरणाच्या दारातून माघारी आलात. आम्ही सांगितलं तर लोक या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतात. तुमचं तरी ऐकतील. पारावर चार शब्द बोला." चारचौघांत बोलायची मला सवय नाही. लिहून देतो म्हटलं. टोपी घाला, पाणी प्या, दुपारचं शेतात जाऊ नका, असं दीड पान लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो आणि भलतंच बाहेर यायला लागलं. ते आलं तसं ठेवलं आहे.

माझं नाव भास्कर. वय पंचावन्न. वीज खात्यात लाइनमन. अंबड आणि तीर्थपुरीच्या मधे आमचं गाव. एकोणतीस उन्हाळे खांबावर काढले. तापलेल्या लोखंडाला धरून धरून तळहाताची कातडी चपलेच्या टाचेसारखी झाली आहे. त्यामुळं ऊन म्हणजे काय हे दुसऱ्यानं मला सांगावं, यात मला कमीपणा वाटायचा. खांबावर मी तासभर असायचो आणि उतरलो की ज्याचं काम केलं तो तांब्या घेऊन उभा असायचा, हे कधी ध्यानातच घेतलं नाही.

बारा माणसांचा नियम

हनुमान जयंतीला आमच्या मारुतीला गोदावरीच्या पाण्यानं आंघोळ घालायची पद्धत आहे. आदल्या दिवशी नदीवर जायचं, तांब्याच्या दोन कळशा भरायच्या, बांबूच्या दोन टोकांना बांधायच्या आणि ती कावड खांद्यावर घेऊन तीस किलोमीटर अनवाणी गावात आणायची. कावड जमिनीला टेकता कामा नये. ज्याच्या खांद्यावर ती आहे त्यानं बोलायचं नाही आणि पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. बाईमाणसानं कावडीला शिवायचं नाही.

माझे वडील कावडीचे म्होरके होते. त्यांच्या वेळी बारा-पंधरा गडी असायचे. एकाच्या खांद्यावर कावड दोन-तीन शेतांपुरती, की लगेच दुसरा खांदा पुढं. उतरलेला गडी लिंबाखाली बसायचा, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, पोटभर पाणी प्यायचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लिंब आणि वड होते. आता पोरं पुण्याला कंपन्यांत गेली, काही जालन्याला कारखान्यांत. रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला आणि झाडं तुटली. गेल्या वर्षी आम्ही कसेबसे चौघं जमलो. माणसं कमी झाली, सावली गेली, नियम तेवढा जागच्या जागी राहिला. बारा माणसांचा नियम चौघांना कसा पेलणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायचा कुणी? म्होरक्या तर मीच होतो.

त्या दिवशी

उजाडायच्या आत निघायचं असतं. पण नदी आत सरकली होती. वाळूतून बरंच चालत जाऊन एका डोहात कळशा भरल्या, पूजा झाली, निघेपर्यंत आठ वाजले. दहाच्या सुमाराला आमच्यातल्या एकाच्या तळपायाला टरारून फोड आले आणि तो दुधाच्या गाडीत बसून गेला. उरलो तिघं. मी आणि माझे दोन सोबती. त्या दोघांची नावं मी लिहिणार नाही.

आमच्या मागं, हाकेच्या अंतरावर, स्कूटीवर माझी सून येत होती. सुवर्णा. माझ्या गणेशची बायको, अंबडची मुलगी, लग्नाला दीड वर्ष झालेलं. कावडीजवळ बाई नको म्हणून ती लांब राहायची. तिच्याजवळ आमच्या भाकरी आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन. सोबत्यांनी ते पाणी प्यायलं. प्यायलाच हवं होतं, त्यांच्या खांद्यावर कावड नव्हती.

माझ्या खांद्यावर होती, कारण मी ती सोडत नव्हतो. निघायच्या आधी देवळाच्या कमिटीचे नाना म्हणाले होते, "तुझ्या बापानं एका साली निम्मी वाट एकट्यानं कावड आणली व्हती." ते माझ्या डोक्यात बसलं. एका सोबत्यानं दोनदा हात पुढं केला. "भास्करदादा, द्या इकडं. लई वेळ झाला." बोलायचं नव्हतं म्हणून मी मानेनंच नको म्हटलं. दुसऱ्यांदा तर मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरला. आता डॉक्टर सांगतात, उगाच राग येणं हे ऊन चढल्याचं पहिलं लक्षण. मला वाटायचं तो माझा स्वभाव.

बाराच्या पुढं कॅन संपला. सुवर्णा पाणी आणायला एका मळ्यात गेली आणि रिकामा कॅन घेऊन परत आली. शेतीची लाइट बंद होती, मोटर चालेना, हौद कोरडा. त्या भागात लाइट कधी असते आणि कधी नसते याचं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. मीच तिथं पंधरा वर्षं काम केलं होतं. तरी निघताना मी पाच लिटरचाच कॅन बरोबर घेऊ दिला.

मग माझा घाम थांबला. अंगावर काटा आला, गार वाटायला लागलं. मला वाटलं, मारुतीनं माझ्यावर सावली धरली. खरंच असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, हात जोडावेत असं वाटलं. तीच घटका मरणाची होती. पुढचं मला आठवत नाही.

मी पडलो तेव्हा काय झालं ते मला नंतर सांगण्यात आलं. माझे दोन्ही सोबती झेपावले आणि त्यांनी कावड झेलली. मला नाही, कावड. ती टेकली नाही. मी सिमेंटवर तोंडघशी पडलो होतो आणि ते दोघं कावड खांद्यावर घेऊन माझ्या दोन बाजूंना उभे होते. त्यांना बोल लावत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

सुवर्णा पळत आली. म्हणाली, "ती खाली ठेवा अन् मामांना धरा." ते हलले नाहीत. तेव्हा तिनं कावडीची दोरी धरून खाली ओढली. कळशीच्या तोंडाचं फडकं काढलं, माझ्या सदऱ्याची बटणं तोडली आणि पाणी माझ्या डोक्यावर, छातीवर ओतलं. दोन्ही कळशा रिकाम्या केल्या, असं सोबत्यांनी गावात सांगितलं. मला ओढत बसथांब्याच्या पत्र्याखाली नेलं. उपरणं भिजवून त्यानं वारा घालत बसली. मग रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोसंबीची गाडी अडवली. कॅरेटच्या मधे ताडपत्रीवर टाकून मला अंबडला नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं जालन्याला.

लग्न झाल्यापासून ती माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नव्हती. त्या दिवशी तो कुठं पडला, तिलाही आठवत नाही.

पहिला प्रश्न

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला शुद्ध आली. नाकात नळी, हाताला सुया, खाली लघवीची पिशवी. पायाशी सुवर्णा बसली होती. डोळे सुजलेले, कुंकू पसरलेलं, अंगावर तीच मळलेली साडी. मला डोळे उघडताना पाहून ती पुढं वाकली. "मामा, ओळखलं का?"

मी विचारलं, "कावड टेकली का?"

तिनं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. "टेकली, मामा," ती म्हणाली. "पाणी तुमच्या अंगावर टाकलं मी."

मी तोंड भिंतीकडं फिरवलं. एवढंच केलं. शिवी दिली नाही, ओरडलो नाही, तेवढं त्राणच नव्हतं. पण ती दोन दिवस जागी होती आणि मी तिला माझी पाठ दाखवली. आजारपणात माणूस काय बोलतो ते मनावर घेऊ नये म्हणतात. मला ऊन लागलं होतं हे खरं, पण त्या वेळेला माझं डोकं ठिकाणावर होतं.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. तरुण मुलगा, बोलायला साधा. म्हणाले, "काका, उष्माघात झालाय तुम्हाला. ताप इतका होता की आमचा थर्मामीटर घाबरला. वाटेत अंगावर पाणी पडलं म्हणून इथपर्यंत पोचलात. कोणी टाकलं?" सुवर्णा खाली पाहत होती. मी काही बोललो नाही. डॉक्टरांना वाटलं मला बोलवत नाही.

मोजून मापून

मग किडनीनं काम बंद केलं. दिवसभरात पिशवीत चहाच्या रंगाची वाटीभर लघवी. सिस्टर ती भांड्यात ओतून मोजायची, कागदावर लिहायची आणि ओठ आवळायची. चार वेळा डायलिसिस झालं. मशीनच्या नळीत आपलंच रक्त फिरताना दिसतं, ते पहिल्यांदा बघवत नाही. तिसऱ्यांदा मी त्यात झोपलो.

सगळ्यात वाईट होती तहान. किडनी चालत नाही म्हणून डॉक्टरांनी पाणी तोडलं. चहा, औषध, सगळं धरून दिवसाला सातशे मिली. ज्यानं पाणी असून प्यायलं नाही त्याला आता पाणी मागून मिळेना. सुवर्णानं बाटलीवर पेनानं रेघा ओढल्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तिला फसवायचा मी प्रयत्न केला. "सिस्टर आणखी दे म्हणली," असं सांगितलं. ती उठली, सिस्टरला विचारून आली. मग फ्रीजमधून बर्फाचा एक खडा आणून माझ्या जिभेवर ठेवला. "हा हिशोबात धरलाय," म्हणाली. त्या खड्याइतकी चव आजपर्यंत कशाला लागली नाही.

कुसुम, माझी बायको, घर आणि जनावरं सोडून येऊ शकत नव्हती. गणेशची कारखान्यात शिफ्ट. म्हणून दिवसभर सुवर्णाच. सासरा आणि सून, दोघांनाही अवघड. मला भांडं द्यायची वेळ आली की ती वॉर्डबॉयला बोलावून बाहेर जाऊन उभी राहायची. एकदा तो आलाच नाही. तिनं पडदा ओढला, भांडं ठेवलं, पाठ करून उभी राहिली आणि मोठ्यानं खिडकीतल्या कबुतरांवर बोलत राहिली, म्हणजे मला लाज वाटू नये.

शेजारच्या खाटेवर जालन्यातल्याच मस्तगडचे एक चाचा डायलिसिसला यायचे. त्यांच्याबरोबर त्यांची बायको, सगळे तिला आपा म्हणायचे. तिनं मला विचारलं, "बेटी है?"

"सून हाय."

"बहू? हमारे यहाँ तो बेटे भी गिलास भर के रखते और फोन देखते बैठते." मग तिनं सुवर्णाला विचारलं काय झालं होतं. सुवर्णानं सांगितलं, घाबरत घाबरत, कावडीचं पाणी होतं, देवाचं होतं. आपा ऐकत पान लावत होती. "फिर? पानी का और काम क्या है?" म्हणाली आणि पान चाचांच्या तोंडात दिलं. सुवर्णा तेव्हा हसली. हॉस्पिटलात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

नाना भेटायला आले

नवव्या दिवशी गावाकडून नाना आले. बरोबर माझे ते दोन सोबती. ते दारापाशीच खाली मान घालून उभे राहिले. मला वाटलं माझी हालत त्यांना बघवत नसेल.

नाना खुर्चीत बसले. मोसंबीची पिशवी ठेवली. किडनीमुळं मोसंबी मला बंद होती. म्हणाले, "भास्कर, वाचलास. देव तारी त्याला कोण मारी. पर यंदा बोअरच्या पाण्यानं आंघोळ घातली मारुतीला. माझ्या आयुष्यात असं झालं न्हाई. त्याच्यानंतर गावात दोन बैल गेले. परवा रोहित्र जळालं. लोक बोलून राह्यले."

रोहित्र, म्हणजे गावची डीपी, का जळालं हे मला पडल्या पडल्या ठाऊक होतं. त्यावर चोरून आकडे टाकून चालणाऱ्या वीसेक मोटरी होत्या आणि त्यातली एक नानांची होती.

"पोरीच्या हातून कावड बाटली," नाना म्हणाले. "जाणूनबुजून न्हाई केलं, मान्य. तिनं पारावर नारळ ठेवून एकदा चूक झाली म्हणावं. गाव मोकळं, ती बी मोकळी."

गणेश रात्रपाळी करून आला होता. तो उसळला. "दरसाली सप्त्यात कीर्तनकार सांगतो न्हाई का? तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजलं, देव पावला. तवा तुम्हीच डोळे पुसता, नाना. अन् माझ्या बायकोनं माणूस वाचवला तर दंड?"

"ते संत व्हते," नाना शांतपणे म्हणाले. "अन् गडीमाणूस व्हते."

मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले. सुवर्णा बेसिनपाशी माझा ग्लास विसळत होती. तिनं नळ बंद केला. मी काय म्हणतो ते ऐकायला तिनं तो बंद केला होता, हे मला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, "होऊ द्या. नारळ ठेवायला काय जातंय."

मी अशक्त होतो, असं म्हणायची सोय आहे. घरात सगळे तसंच म्हणतात. पण खरं लिहायचं तर मला आतून नानांचं पटत होतं. हिनं थोडी कळ काढली असती तर, असं वाटत होतं. आणि पुढच्या वर्षी कावडीचा मान आपल्या घरातून जायला नको, हेही मनात होतं. मरता मरता वाचलेल्या माणसाच्या मनात हे होतं.

नारळ

घरी आल्यावर तिसऱ्या शनिवारी पारावर गाव जमलं. मला चालवत नव्हतं म्हणून प्लास्टिकची खुर्ची आणली, डोक्याला ओला टॉवेल. सुवर्णा पाराखाली उभी होती, कारण बायका पारावर चढत नाहीत. कुसुम तिच्या शेजारी. सुवर्णानं पायरीवर नारळ ठेवला, हात जोडले आणि म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली."

आवाज कापला नाही. रडली नाही. लोकांना ती रडली असती तर बरं वाटलं असतं. नाना म्हणाले, "झालं, विषय मिटला." कुणीतरी चहा आणला. मी तो प्यायलो. आलं घातलेला होता आणि मला चांगला लागला. हे मला आठवतं याची आज लाज वाटते. चूक झाली याचा अर्थ भास्करला वाचवलं ही चूक झाली, आणि तो भास्कर समोर बसून चहा पीत होता.

त्यानंतर तिनं माझं काही कमी केलं नाही. अळणी भाजी वेगळी, गोळ्या वेळेवर, पाणी मोजून. पण आधी ती माझी चेष्टा करायची. "मामा, तुमच्या घोरण्यानं डीपी उडंल एक दिवस," म्हणायची. ते बंद झालं. लागेल तेवढंच बोलायची. दिवाळीनंतर दोघांनी जालन्याला दोन खोल्या घेतल्या. गणेशनं शिफ्टचं कारण सांगितलं. मी लोकांना तेच सांगत होतो.

एक दिवस भाकरी थापता थापता कुसुम म्हणाली, "ती शिफ्टीपायी न्हाई गेली. तुम्ही खुर्चीत गप बसला व्हता, त्याच्यापायी गेली. अन् मी बी गप उभी व्हते. मला तुमच्यापेक्षा जास्त कळत व्हतं, तरी." मी म्हटलं, मग तेव्हा का बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुमची भीती वाटती मला अजून." छत्तीस वर्षांच्या संसारानंतर हे ऐकायला मिळालं.

आशाताईंनी सांगितलेलं काम

ज्यासाठी लिहायला घेतलं ते आधी उरकतो. उन्हात चालताना उगाच राग यायला लागला, डोकं ठणकलं, जांभया आल्या तर थांबा. घाम यायचा थांबला आणि गार वाटलं तर देव पावला असं समजू नका. बरोबरच्यांनी अशा माणसाला विचारत बसू नये, तो नकोच म्हणेल. त्याच्या अंगावर पाणी ओता, सावलीत न्या, वारा घाला, दवाखान्याची गाडी बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. पाणी कोणाचं आहे, कशासाठी आणलं आहे, हे नंतर पाहू. आणि सकाळी मोजून घ्या की आपण किती जण आहोत. बारा जणांचं ओझं तिघांनी घेऊ नये. मला आता किडनीच्या गोळ्या कायमच्या आहेत, खांबावर चढायचं बंद, ऑफिसात बसून तक्रारी लिहून घेतो. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

तिला वाचायला दिलं

एवढं लिहून झाल्यावर वाटलं, हे तिचंही आहे. तिला न दाखवता पारावर द्यायचं म्हणजे पुन्हा तेच. गेल्या रविवारी कागद पिशवीत घालून अंबडहून जालन्याची एसटी धरली.

गणेश झोपलेला होता. सुवर्णा जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी कागद दिले. तिनं हात पुसले आणि सगळे वाचले, एकेक पान शांतपणे. कबुतरांपाशी किंचित हसली. नारळाचं पान तिनं जास्त वेळ धरलं. मी चुळबुळत होतो. मग ती मागं गेली, एक पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे चुकलंय. दोन्ही कळशा न्हाई ओतल्या मी. एकच."

"ते दोघं तर म्हणले, दोन्ही."

"एकीत भिजला तुम्ही. दुसरी मी थांब्याच्या भिंतीआड ठेवली व्हती, फडकं तसंच बांधलेलं. म्हणलं, एक तरी देवाला पोचंल. मी गाडी अडवायला गेल्ते तवर त्यांनी ती पिली. दोघांचे बी डोळे फिरले व्हते, मामा. मीच म्हणलं व्हतं, लागलं तर प्या. न्हाई पिले असते तर तीन माणसं न्यावी लागली असती."

मी त्या दोघांना हॉस्पिटलच्या दारात खाली मान घालून उभे असलेले पाहिले होते. पारावर नारळ ठेवला तेव्हाही ते पहिल्या रांगेत होते.

"मंग तू काहून बोलली न्हाईस पारावर?"

"त्यांनी बोलायचं व्हतं ते. त्यांच्या आधी तुम्ही." ती मेथीची काडी मोडत म्हणाली. "मी तुमच्याकडं बघितलं व्हतं नारळ ठेवायच्या आधी. तुम्ही बघितलं न्हाई."

मला त्यांची नावं इथं लिहायची होती. आधी ती मुद्दाम गाळली होती, पण हे ऐकल्यावर लिहावीशी वाटली. तसं मी बोललो. ती म्हणाली, "नका लिहू. त्यांच्या बी घरात सुना हायेत. त्यांना ऐकावं लागंल."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी जमिनीवर तिच्यासमोर बसलो होतो. आयुष्यात सुनेसमोर जमिनीवर बसलो नव्हतो. मी हात जोडले आणि म्हटलं, "सुवर्णा, माझ्याकडून चूक झाली."

तिनं घाईनं माझे हात खाली केले, वडीलधाऱ्या माणसानं हात जोडलेले तिला सोसले नाहीत. तिचे डोळे भरले होते. पण असू द्या, झालं गेलं, असं काही ती म्हणाली नाही. कागद सारखे केले, माझ्या हातात दिले.

"चूक झाली हे मी घरात न्हाई म्हणलं व्हतं, मामा," ती म्हणाली. "पारावर म्हणलं व्हतं."